मुगाचं विरजण

माझ्या लग्नात सासूबाईंनी झाडून सगळ्या पाहुण्यांना सांगितलं होतं, की सून लॅबमध्ये असते. कसली लॅब, हे सुदैवानं कोणी विचारलं नाही, म्हणून लग्न निर्विघ्न पार पडलं. पुढे पहिल्याच मंगळागौरीला एका आत्येसासूबाईंनी खोदून विचारलं, "म्हणजे तिथे नक्की करतेस तरी काय गं?" मी तेव्हा तरुण होते आणि खरं बोलायची खोड होती. म्हटलं, "माकडांची शी तपासते." त्यांच्या हातातला वाटल्या डाळीचा घास हातातच राहिला. त्यानंतर माझ्या नोकरीचा विषय जेवणाच्या आसपास काढायचा नाही, असा घरात नियमच झाला. हा लेख वाचणाऱ्यांनीही फराळाचं ताट जरा बाजूला सारून ठेवावं.

नोकरी परळला, लसी आणि औषधांच्या चाचण्या करणाऱ्या एका छोट्या संस्थेत झाली. आज ती संस्था नाही. तिच्या जागेवर टॉवर उभा आहे आणि जिथे आमचे पिंजरे होते तिथे कुणाच्या तरी दोन-दोन गाड्या उभ्या राहतात. त्यामुळे नाव सांगून काही उपयोग नाही.

काम असं, की पिंजऱ्यातल्या माकडांना अन्नातून होणारे जंतुसंसर्ग शोधायचे. साध्या भाषेत, माकडाला जुलाब झाले की ते काय खाऊन झाले, ते हुडकायचं. माणूस निदान खोटं तरी बोलतो. "काही नाही हो, घरचंच खाल्लं," म्हणतो आणि त्याच्या चेहऱ्यावरून आपण काय ते समजतो. माकड आजार लपवतं. कळपात आजारी दिसलं की मान जातो, म्हणून ते शेवटपर्यंत ताठ बसतं. ज्या दिवशी ते कोपऱ्यात गुडघ्यांत डोकं घालून बसलेलं दिसतं, त्या दिवशी आपल्याला फार उशीर झालेला असतो. म्हणून माकडं धडधाकट असली तरी महिन्याच्या महिन्याला प्रत्येकाचा नमुना घ्यायचा आणि माध्यमावर पसरायचा. माध्यम म्हणजे जंतूंचं जेवण. लालसर रंगाची, चायना ग्रास घालून गोठवलेली खीर समजा. ती प्लेट माणसाच्या अंगाइतक्या उबेत ठेवली, की दुसऱ्या दिवशी तिच्यावर ठिपके उगवलेले असतात.

आमच्या धंद्यातला सगळा थरार त्या ठिपक्यांचा रंग बघण्यात असतो. पिवळे ठिपके म्हणजे पोटातली नेहमीची मंडळी, त्यांच्याशी आपलं भांडण नाही. पण ताज्या बांगड्याच्या डोळ्यासारखे, मध्ये काळं बुबुळ असलेले चकचकीत ठिपके दिसले की साल्मोनेलाचा संशय घ्यायचा. हा जंतू अन्नातून पोटात जातो आणि तिथे बिऱ्हाड करतो. एखाद्या माकडाला लोळवतो, दुसऱ्याला काहीच करत नाही. दुसरं माकड मजेत हिंडत राहतं आणि अधूनमधून शीवाटे जंतू सोडत राहतं. अधूनमधून, हे महत्त्वाचं. एक तपासणी स्वच्छ आली म्हणजे काही सिद्ध होत नाही. लागोपाठ तीन स्वच्छ आल्या तरच आम्ही माकडाला सभ्य समजतो.

लोकांना वाटतं, असले आजार घाणीतून होतात. माझा अनुभव असा, की ते बहुतेक वेळा सद्गुणांतून होतात. आमच्याकडे एक पिंजरेवाला होता, श्रावणी सोमवार कडक पाळणारा. त्या दिवशी अंड्याला हात लावायचा नाही, म्हणून तो माकडांची सोमवारची अंडी रविवारी दुपारीच उकडून, सोलून, ताटल्यांत घालून ठेवायचा. ठेवायचा कुठे, तर कपाटात. फ्रिज होता, पण फ्रिजमध्ये त्याचा उपासाचा डबा असे, अंड्यांच्या शेजारी तो कसा ठेवणार? श्रावणातल्या दमट हवेत, बंद कपाटात, सोललेली अंडी. मंगळवारी अर्ध्या माकडांना जुलाब. त्याला मी समजावलं तर म्हणाला, "मॅडम, देवाचं पण बघायला पाहिजे, माकडांचं पण." त्या वर्षापासून आम्ही सोमवारी माकडांनाही उपास जाहीर केला आणि अंड्यांच्या जागी शेंगदाणे दिले. त्यानं खुशीनं ते पुण्य माकडांच्या नावावर मांडलं.

एक घरची गोष्ट इथेच सांगते, पुढे लागणार आहे. आम्ही गिरगावातले सीकेपी. आजेसासरे कुठल्याशा कचेरीत हेडक्लार्क होते, त्यांची अलिबागकडे थोडी जमीन होती. ती कधीच गेली, राहिलं ते खाण्याचं वेड. वालाला मोड कसे आणावेत यावर आमच्याकडे दोन जावांनी वर्षभर अबोला धरल्याचं मी पाहिलेलं आहे. आणि सासूबाईंचं विरजण! ते त्यांच्या सासूबाईंकडून आलेलं, कधी मोडू न दिलेलं. आमची इमारत पाडायला काढली आणि आम्ही दादरला भाड्याच्या जागेत गेलो, तेव्हा दागिने नवऱ्याच्या बॅगेत होते आणि विरजणाची वाटी सासूबाईंच्या मांडीवर. टॅक्सीवाल्याला त्या दर सिग्नलला "हळू" म्हणत होत्या. मी जंतूंचीच डॉक्टर, मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. आम्हीही लॅबमध्ये तेच करतो. जुन्या प्लेटवरचा जंतू उचलायचा, नव्या प्लेटवर सोडायचा, पिढ्यान् पिढ्या जिवंत ठेवायचा. फक्त आम्हाला त्याचा पगार मिळतो.

आता मंदाताई. आमच्या माकडांची खानावळ त्यांच्या हातात होती. राहायला करी रोडच्या चाळीत, मूळच्या मालवणकडच्या. माझ्याहून दोन-चार वर्षांनी लहान असतील. सकाळी येऊन चपात्या लाटायच्या, फळं चिरायची, चणे-मूग भिजवायचे, ताटल्या भरायच्या. आमच्याशी त्या मुंबईचं मराठी बोलत, माकडांशी मात्र मालवणी. माझ्या मते माकडांनाही दुसरी भाषा कळत नसावी.

माकडं टोपीवाली, म्हणजे डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखे केस असणारी. त्यातली एक म्हातारी मादी होती. छातीवर गोंदलेला नंबर होता, पण मंदाताई तिला "वैनी" म्हणत. भांग नीट पाडलेला, नजर करडी. पिंजऱ्यात दंगा झाला की ती नुसती मान वळवून बघायची आणि सगळे आपापल्या फळीवर जाऊन बसायचे. वैनीची ताटली सगळ्यांत आधी भरली जाई. "खा गो बाय, खा मगे," म्हणत मंदाताई जाळीशी उभ्या राहात, आणि वैनी दाणा-दाणा उचलून, निवडून, सावकाश खाई. माझा त्या माकडांवर जीव वगैरे नव्हता. मला त्यांची एकच बाजू नीट माहीत होती. तरी वैनीसमोरून जाताना मी पदर सारखा करायची, हे मात्र खरं.

पुढे प्राण्यांवरच्या चाचण्या कमी होत गेल्या आणि मग बंदच झाल्या. झालं ते योग्यच झालं. चाचण्या थांबल्या तशा माझ्या महिन्याच्या तपासण्याही थांबल्या, कारण आता कुणाला त्यांचे रिपोर्ट नको होते. जागेचा व्यवहार ठरला. उरलेल्या नऊ माकडांचं काय करायचं, यावर समिती बसली. कर्जतच्या बाजूला एक प्राण्यांचा निवारा होता. झाडं, तळं, मोठं कुंपण, छप्पर फक्त रात्रीपुरतं. ते आमची माकडं घ्यायला तयार झाले. अट एकच. त्यांच्याकडे आधीची माकडं होती, त्यांच्यात नवा आजार शिरायला नको, म्हणून प्रत्येकाच्या लागोपाठ तीन तपासण्या स्वच्छ हव्यात. पावसाळ्यात त्यांचा रस्ता चिखलात जातो, म्हणजे जे काय व्हायचं ते त्याआधी.

आमचे साहेब माणूस वाईट नव्हते, पण निवृत्तीला आलेले होते, आणि निवृत्तीला आलेल्या माणसाला कुठलीही गोष्ट लोंबकळत ठेवायची नसते. ते म्हणाले, "मॅडम, समितीनं दोनच पर्याय लिहिलेत. रिपोर्ट स्वच्छ आले तर गाडी. नाही आले तर इंजेक्शन. तिसरा पर्याय असता तर मीच आधी सुचवला असता."

मी म्हटलं, "येतील स्वच्छ." धडधाकट दिसत होती सगळी. वैनीचं पोट अधूनमधून बिघडे, ते आम्ही वयावर घातलं होतं.

नमुने पसरले आणि दुसऱ्या दिवशी प्लेटा उघडल्या. नऊपैकी पाच प्लेटांवर बांगड्याचे डोळे. वैनीच्या प्लेटवर तर बाजारात टोपली ओतावी तसे.

आमचे पशुवैद्य डॉ. सावे यांनी लगेच उपचार सुरू केले. नुसतं औषध मारून हा जंतू जात नाही, उलट काही वेळा जास्त दिवस मुक्काम ठोकतो. त्यामुळे औषध बेतानं, पाणी आणि क्षार भरपूर, आणि खायला मऊ भाताची पेज. मंदाताईंनी पेज केली आणि वैनीला भरवली. वैनीनं दोन दिवस नाक मुरडलं, मग खाल्ली. पंधरवड्यानं तपासलं तर सगळी स्वच्छ. दुसरी तपासणीही स्वच्छ. सावेंनी पेज बंद करून नेहमीचं जेवण चालू केलं. साहेबांनी निवाऱ्याला फोन केला. मंदाताईंनी लालबागला जाऊन पेढे आणले.

तिसऱ्या तपासणीला काळे डोळे परत हजर. सगळं पहिल्यापासून आलं.

आता प्रश्न माकडांचा नव्हता, जेवणाचा होता. बाहेरून कुठून तरी जंतू पुन्हा पुन्हा येत होता, आणि तो कुठून येतो ते कळल्याशिवाय कितीही पेज पाजली तरी आम्ही तिथल्या तिथेच फिरत राहणार होतो. मी पाण्याची टाकी तपासली. अंडी तपासली. फळवाल्याची टोपली, चाकू, पाट, नळाची तोटी. भिंतीवरच्या पालीची लेंडी तपासली, कारण पाली हा जंतू घेऊन हिंडतात. चण्यांचं पोतं, मुगाचं पोतं, दोन्हींतले दाणे काढून वाढवून पाहिले. काही नाही.

मग माणसं राहिली. माकडं-माणसं या बाबतीत एकमेकांची देणेकरी असतात, पुष्कळदा आपणच त्यांना जंतू देतो. मी पत्रक काढलं, की प्राणिगृहात ये-जा करणाऱ्या प्रत्येकानं आपला नमुना द्यावा. संस्थेचं धाबं दणाणलं. अकाउंट्सचे लोक पिंजऱ्यांकडे फिरकेनासे झाले. एकानं विचारलं, "मॅडम, घरून आणला तर चालेल का?" सगळ्यांना उदाहरण म्हणून साहेबांनी पहिला नमुना दिला. त्यात साल्मोनेला नव्हता, जंताची अंडी होती. मी चिठ्ठी लिहून साहेबांना कळवलं, तर दुसऱ्या दिवशी साहेबांचा शिपाई लाजत लाजत माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मॅडम, ती जंताची गोळी कधी घ्यायची, जेवणाआधी का नंतर?" मी काही विचारलं नाही. उदाहरण तर घालून दिलं होतं ना. बाकी सगळ्यांचे नमुने स्वच्छ निघाले, मंदाताईंचाही.

पावसाळा जवळ येत चालला होता. मंदाताई रोज जाताना लॅबच्या दारात थांबत. आत येत नसत, उंबऱ्यातूनच विचारत, "काय कळला, मॅडम?" घाई असली की त्यांच्या तोंडून मालवणी निसटे. मी मान हलवायची. इंजेक्शनचा पर्याय त्यांनाही माहीत होता. त्यांनी कधी त्या शब्दाचा उच्चार केला नाही, "ते दुसरं" म्हणत.

एक गोष्ट मात्र मला बोचत होती. माकडं पेजेवर असली की स्वच्छ, नेहमीच्या जेवणावर आली की परत. म्हणजे जे काय होतं ते नेहमीच्या जेवणात होतं, आणि त्यातलं सगळं कच्चं सामान तर मी तपासलेलं होतं. शेवटी ठरवलं, की वस्तू पुष्कळ तपासल्या, आता स्वयंपाक बघू. सकाळी लवकर जाऊन खानावळीत स्टूल टाकून बसले. मंदाताईंना ते आवडलं नाही. सासूनं ओट्याशी येऊन उभं राहावं, तसं त्यांना झालं असणार. पण चहा दिला.

चपात्या झाल्या. चणे उपसले. मग त्यांनी भिजवलेले मूग चाळणीत उपसले, फडक्यावर पसरले, आणि फळीवरून एक झाकलेली स्टीलची वाटी काढली. वाटीत गढूळ पाणी होतं. ते त्यांनी देवावर शिंपडावं तसं बोटांनी मुगावर शिंपडलं आणि फडक्याची गाठ मारली.

"हे काय हो, मंदाताई?"

"विरजण."

"मुगाला?"

"हां मग!" मंदाताई उत्साहानं सांगायला लागल्या. "बाजूच्या खोलीत मशिनीसाठी एसी लावला ना, तेव्हापासून ही भिंत गार पडते. मूग नुसते बसून राहायचे, मोडच येईनात. मग मी डोकं लावलं. मागच्या खेपेचं पाणी थोडं काढून ठेवायचं, ते नव्यावर मारायचं. एका दिवसात बोटभर मोड! वैनीला तर मोड म्हणजे जीव की प्राण. आणि मी ते तुटू नाही दिलं हां, मॅडम. गणपतीच्या सुट्टीत वाटी घरी घेऊन गेले होते."

मी चहाचा कप खाली ठेवला.

वाचकांपैकी कुणाला वाटेल, की यात काय झालं, दह्याचं विरजण आपण असंच ठेवतो. पण दही आंबट असतं. त्या आंबटपणात आमच्या धंद्यातले बहुतेक गुंड तग धरत नाहीत, म्हणून सासूबाईंची वाटी इतकी वर्षं सुखरूप राहिली. मुगाच्या पाण्यात आंबट काही नसतं. तिथे ऊब, ओल आणि मोडांतून पाझरलेलं गोड पाणी असतं. माझ्या लाल खिरीहून सरस माध्यम. पोत्यातल्या लाखभर दाण्यांतला एखादा दाणा कधीतरी उंदराच्या लेंडीला लागलेला असेल. मी पोत्यातले मूठभर तपासले, त्यात तो सापडला नाही, सापडण्यासारखा नव्हताच. एरवी ती खेप माकडांनी खाल्ली असती आणि विषय संपला असता. पण इथे खेप संपत नव्हती. जंतू वाटीतून फडक्यात, फडक्यातून मुगात, मुगातून परत वाटीत, असा आरामात राहात होता. लॅबमध्ये असा जंतू इतका नेकीनं सांभाळणारा मदतनीस मला कधी मिळाला नाही. आणि घरी आपण मूग शिजवतो, वालाचं बिरडं तर चांगलं रटरटवतो. माकडांना मात्र मोड कच्चे जात होते, कारण कच्चे जास्त पौष्टिक. हे त्यांच्या आहाराच्या तक्त्यात सावेंनी लिहिलेलं होतं आणि मीही ते वाचून मान डोलावली होती.

वाटीतलं थेंबभर पाणी प्लेटवर पसरलं. दुसऱ्या दिवशी प्लेट काळी झाली होती, ठिपके मोजायची सोय नव्हती.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे चूक कुणाची, मॅडम?"

"मुगाची."

"मुगाला मेमो कसा देऊ?"

"मग देऊ नका."

त्यांनी फाइल मिटली. शिपायाच्या गोळीचा विषय दोघांनाही आठवला असावा.

मंदाताईंना सांगणं अवघड होतं. काही तरी गोल गोल बोलावं असं एकदा मनात आलं. पण त्यांच्याच हातून पुढचे मूग जायचे होते, तेव्हा खरं सांगणं भाग होतं. मी त्यांना लॅबमध्ये बोलावलं आणि प्लेट दाखवली. वाटीतलं पाणी कुठलं, वैनीचं पोट कुठलं, दोन्ही प्लेटा शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्हींवर तेच डोळे.

त्यांनी वाकून दोन्ही पाहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे वैनीला हे मीच घातलं?"

मी म्हटलं, "जंतू मुगातून आला. तुम्ही आणलेला नाही."

"पण जगवला मी."

ते खरंच होतं. मला त्या बाईचं फार वाईट वाटलं. वर्षभर ती रोज सकाळी उठून ज्या एका गोष्टीचा अभिमान बाळगत होती, ती मी तिच्यापुढे काचेत घालून ठेवली होती. मंदाताईंनी वाटी घासली, फडकं चुलीवर उकळलं, मग दोन्ही गोष्टी कचऱ्यात टाकल्या. तरीही समाधान झालं नसावं, कारण फळीसुद्धा उतरवून फिनेलनं धुतली. पुढे कित्येक दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या, आणि वैनीशी अजिबात नाही. ताटली सरकवायच्या आणि मागे व्हायच्या. वैनी जाळीशी येऊन त्यांच्या तोंडाकडे बघत बसे.

पुन्हा पेज. पुन्हा नेहमीचं जेवण, पण आता मूग शिजवलेले. पुन्हा तपासण्या. पहिली स्वच्छ. दुसरी स्वच्छ. तिसरीच्या दिवशी आभाळ भरून आलेलं होतं आणि निवाऱ्याच्या लोकांनी सांगितलं होतं, की या आठवड्यात निघा, नाहीतर दिवाळीनंतर बघू. दिवाळीपर्यंत जागा आमच्या ताब्यात राहणार नव्हती.

आठ प्लेटा स्वच्छ. नवव्या प्लेटवर, वैनीच्या, एकच ठिपका. मध्ये काळा.

मी तो कुणाला दाखवला नाही, पण मंदाताई दारातच उभ्या होत्या आणि माझा चेहरा त्यांनी वाचला. त्या पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत आल्या. "काळी टिकली?"

"आहे एक. पण काळं ते सगळं तेच नसतं." मी त्यांना समजावून सांगितलं, कारण बोलत राहिलं तर मलाही बरं वाटणार होतं. प्रोटियस नावाचा एक जंतू असतो. तो पोटात राहतो, फारसा कुणाला त्रास देत नाही, पण प्लेटवर हुबेहूब तसाच काळा डोळा करून बसतो. दोघांतला फरक कळायला युरियाची नळी असते. पिवळ्या रंगाची. त्यात हा ठिपका सोडायचा. प्रोटियस असला तर नळी गुलाबी होते. साल्मोनेला असला तर पिवळी ती पिवळीच राहते.

"म्हंजे गुलाबी झाली पाहिजे."

"गुलाबी झाली पाहिजे."

मी नळी इन्क्युबेटरमध्ये ठेवली. मंदाताई म्हणाल्या, "मी बसू हितं?" माझ्या लॅबमध्ये बाहेरच्या माणसाला बसायची परवानगी नव्हती. मी स्टूल पुढे केलं.

दुपारपर्यंत आम्ही दोघी त्या खोलीत होतो. मी दर थोड्या वेळानं दार उघडून बघत होते, जे करू नये, कारण त्यानं ऊब कमी होते. हे मी नवशिक्यांना शेकडो वेळा बजावलेलं आहे. मंदाताई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. मधेच म्हणाल्या, "मला वाटलं, जे टिकतं ते चांगलंच असतं." एकदा दार उघडलं तर नळीच्या वरच्या टोकाला काहीतरी वेगळं दिसलं. उजेडाकडे धरली. गुलाबी. थोडीशीच, पण गुलाबी. पुढच्या वेळी बघितली तेव्हा निम्मी नळी गुलाबी झाली होती. नियमाप्रमाणे आणखी दोन चाचण्या करून खात्री केली, त्यांनीही तेच सांगितलं.

मंदाताईंनी पदरानं डोळे पुसले, उठल्या आणि थेट पिंजऱ्याकडे गेल्या. जाळीशी उभं राहून त्यांनी वैनीला मालवणीत भरपूर शिव्या दिल्या. किती दिवसांनी बोलत होत्या. वैनी शांतपणे ऐकत होती.

गाडी दोन दिवसांनी गेली. बरोबर पाठवायच्या सूचना मी लिहिल्या. आहार काय, पाणी कसं, मोड कच्चे कधीही नकोत, आणि शेवटी ठळक अक्षरांत, बाहेरचं अन्न कुणीही, कितीही प्रेमानं आणलं तरी देऊ नये. नोकरीतली माझी शेवटची सही त्या कागदावर आहे.

निवृत्तीनंतर माणसाला काय करावं ते कळत नाही. सासूबाई गेल्या, विरजण माझ्याकडे आलं, ते सांभाळते. मंदाताई व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी फुलांचे फोटो पाठवतात. गेल्या थंडीत त्यांचा फोन आला, "मॅडम, वैनीला बघून येऊया का?" मी गाडी सांगितली आणि आम्ही गेलो.

नऊपैकी आठ होती. एक वयानं गेलं होतं, ते वैनी नव्हती. ती एका उंबराच्या फांदीवर बसली होती, अंग भरलेलं, भांग विस्कटलेला. मंदाताईंनी कुंपणापाशी जाऊन हाक मारली, "वैनी, गो वैनी! बरा आसा मां?" म्हातारीनं मान वळवली. मग सावकाश उतरली, जाळीपर्यंत आली आणि जाळीतून हात बाहेर काढून तळवा उघडा धरला.

मंदाताईंनी पिशवीतून डबा काढला. मूग होते, मोड आलेले, मऊ शिजवलेले. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "फडकं उकळलेलं, मॅडम. विरजण नाय. तीन शिट्ट्या काढल्यात."

तिथला राखणदार पळत आला. त्यानं जाळीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. "बाहेरील कोणतेही अन्न, शिजवलेले असले तरीही, प्राण्यांना देऊ नये." 'शिजवलेले असले तरीही' हे मी लिहिलं नव्हतं. पण माझा कागद वाचून त्यांनी ते नीट समजून घेतलं होतं. मी कोण ते राखणदाराला माहीत होतं. तो अवघडून म्हणाला, "मॅडम, तुम्ही आलाय म्हणून... तुम्ही हो म्हणाल तर द्या."

मंदाताई माझ्याकडे बघत होत्या. वैनीचा हात तसाच होता.

तीन शिट्ट्यांत काहीही उरत नाही, हे मला ठाऊक होतं. पण आज त्यांचा डबा गेला, की उद्या दुसऱ्या कुणाचा जाणार, आणि तो कुणी, कसा, कुठल्या फडक्यात बांधून आणला, ते कुणी विचारणार नाही. मी म्हटलं, "नाही."

मंदाताईंनी डब्याचं झाकण लावलं. वाद घातला नाही. जाळीपाशी वाकून वैनीला म्हणाल्या, "नको गो बाय. तुझी डॉक्टरीण उभी आसा." वैनीनं थोडा वेळ वाट पाहिली, हात मागे घेतला आणि उंबराकडे निघून गेली. मागे वळून बघितलं नाही.

परतीच्या वाटेवर गाडीत मंदाताई डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मग मीच म्हटलं, "मंदाताई, भूक लागलीये. डबा काढा." त्यांनी काढला. चमचा एकच होता, आलटून पालटून घेतला. मूग छान शिजले होते, पण मीठ नव्हतं. माकडांच्या जेवणात मीठ घालत नाहीत.

"अळणी आहेत," मी म्हटलं.

"तिला तसेच आवडतात," मंदाताई म्हणाल्या.

आम्ही दोघींनी डबा संपवला, एक दाणा ठेवला नाही.